आमटी नको म्हणा

चहा ओता, सांगतो. फक्त मध्ये हसायचं नाही, हसायचं ते शेवटी एकदम. फजित्या माझ्या आयुष्यात काही कमी नाहीत. शाळेच्या गॅदरिंगला मी एकदा प्रमुख पाहुण्यांनाच शिपाई समजून खुर्च्या उचलायला लावल्या होत्या. पण ते काहीच नाही. आमच्या कर्जत-मिरजगावकडे शिपी आमटीची पंगत म्हणजे काय असते, ठाऊक आहे ना? तिखटजाळ, वर तेलाचा तवंग, त्यात भाकरी कुस्करायची. आजारी माणूससुद्धा उठून येतो. त्या आमटीला भरल्या पंगतीनं, एकजात सगळ्यांनी, ताटावर हात आडवे धरून 'नको' म्हटलं. आणि हे घडवून आणलं मी. तेव्हा यातलं हसू तुमचं आणि लाज माझी, अशी वाटणी आधीच करून टाकू.

गोष्ट आमच्या मुक्ताची. नऊ वर्षांची आहे. बोलण्यात घ्या, पाठांतरात घ्या, कुणाला हार जाणार नाही. पण हातात पाण्याचा पेला दिला की तो जमिनीवर गेलाच म्हणून समजा. सताड उघड्या दारातून जातानासुद्धा तिचा खांदा चौकटीला लागतो. फ्रॉकची बटणं एक घर चुकून लागतात आणि बुटाची नाडी म्हणजे रोजची रडारड. मी पडलो गणिताचा मास्तर. मला वाटायचं, लक्ष दिलं की सगळं येतं. त्यामुळे घरात दिवसभर माझं एकच पालुपद चालायचं, "मुक्ता, लक्ष कुठंय तुझं? सांभाळून. अगं, बघून." मी म्हणत राहिलो आणि पेले पडत राहिले.

शेवटी तिच्या डॉक्टरांनी आम्हाला, आम्ही राहतो त्या केडगावातच, रेवती मॅडमकडे पाठवलं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी मुक्ताला बराच वेळ खेळवलं, तिच्याकडून कात्री चालवून घेतली, चेंडू झेलून घेतला, आणि मग मला म्हणाल्या, "सर, लक्ष भरपूर आहे तिचं. हुशारीतही काही कमी नाही. मनात आलेलं हातापायांकडून करून घ्यायला तिला इतरांपेक्षा जास्त सराव लागतो, एवढंच. आणि तो सराव आपण गटात करू. मुलं एकमेकांचं बघून शिकतात."

मी मान डोलावली. मान डोलावणं आणि कळणं यात किती अंतर असतं, हे मी रोज वर्गात बघतो. स्वतःत मात्र कधी दिसलं नव्हतं.

तर दर शनिवारी दुपारी कॉलनीतल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये हा गट भरायचा. सगळी मिळून सहा मुलं. फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या रेघा मारलेल्या, त्यावरून पाऊल जुळवत चालायचं. अस्वलासारखं चार पायांवर जायचं, खुर्च्यांच्या खालून सरपटायचं, टोपलीत चेंडू टाकायचे, कणकेचे गोळे करायचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मॅडम, यात नंबर कसे काढता?"

"काढत नाही, सर."

"मग पोरं जोर कशाला लावतील?"

"बघा तुम्ही," एवढंच म्हणाल्या आणि मला बाहेर बसवलं. पालकांनी बाहेर बसायचं, शेवटी थोडा वेळ आत यायचं, आणि आत आल्यावर तोंड उघडायचं नाही, हा तिथला नियम. मास्तराला असा नियम लावणं म्हणजे शिक्षाच की हो.

एका शनिवारी आम्ही पालक आत आल्यावर मॅडमनी मुलांना गोल बसवून विचारलं, तुम्हाला स्वतःला काय जमवायचंय? आईबाबांना काय हवंय ते नाही, तुम्हाला काय हवंय? सोहम नावाचा दांडगा मुलगा म्हणाला, सायकल. एक मुलगी म्हणाली, माझी वेणी मला घालायचीय. आमच्या मुक्ताची पाळी आली. मला वाटलं, ही अक्षर सुधारायचं म्हणेल.

मुक्ता म्हणाली, "मला पंगतीत आमटी वाढायचीय. बादलीनं."

मी कपाळाला हात लावला. त्याचं कारण असं, की आमच्या गावाकडच्या प्रत्येक पंगतीत सगळी चुलत-मावस पोरं वाढायला असतात. कुणाकडे भात, कुणाकडे भाकरी, आणि ज्याच्या हातात आमटीची बादली तो त्या दिवसाचा राजा. मुक्ताला दर वेळी मिळायचं मीठ. मागच्या वेळी तर मिठाचं भांडंसुद्धा तिच्या हातून काढून घेतलं होतं. कुणी घेतलं ते विचारू नका, तो माणूस तुमच्यासमोर चहा पितोय.

मॅडमनी मात्र एवढंच विचारलं, "केवढी बादली?" मुक्तानं हातानं दाखवली. पुढच्या शनिवारी हॉलमध्ये तेवढी बादली आणि लांब दांड्याचं ओगराळं हजर. आधी रिकामी बादली घेऊन रेघेवरून चालायचं. मग तळाला थोडं पाणी. मग अर्धी. बाकीची पाच मुलं वाट्या घेऊन रांगेत मांडी घालून बसायची, खरीखुरी पंगत. मॅडमनी मुक्ताला त्याचा क्रम पाठ करून दिला होता, "बादली ताटाजवळ टेकव. पाय रोव. वाक. ओगराळं भर. ठिबकणं थांबू दे. मग वाटीवर ने." कुणाच्या मांडीवर पाणी सांडलं की तो सांगायचा, "माझ्यावर आलं," आणि ही म्हणायची, "पुस मग." पुढची वाटी.

मी आत गेलो तेव्हा ती सोहमला वाढत होती. ओगराळं भरलेलं, पाणी काठाशी हिंदकळत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सांभाळून."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि सगळं पाणी सोहमच्या अंगावर गेलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, ती तुमच्याकडे बघायला लागली की हाताकडे कोण बघणार?" सोहम तर म्हणाला, "काका, तुम्ही बाहेरच बसत जा." सोहमचा मुद्दा बरोबर होता, पण तेव्हा मला त्याचा रागच आला.

आता खरी गोष्ट सुरू होते. मिरजगावजवळच्या आमच्या गावी दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, नवीन घर बांधलं. वास्तुशांतीला सगळी भावकी जेवायला बोलावली. त्यातच बांधावरून दादाशी कित्येक वर्षं अबोला धरलेला आमचा चुलतभाऊ भीमराव नुकताच बोलता झाला होता, तोही येणार होता. आणि जेवण शिपी आमटीचं.

मुक्तानं मला न विचारता परस्पर दादाला फोन लावला. "काका, मी आमटी वाढू का? मला येते आता."

"वाढ की बाई. घर तुजंच हाय," दादा म्हणाला.

झालं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. डोळ्यांसमोर एकच चित्र. नवीन पांढरीशुभ्र फरशी, पांढरे कपडे घातलेले पाहुणे, आणि उकळती आमटी. मी सुनीताला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना म्हटलं, "तिला समजावून सांग, या वेळी नको. पुढच्या वेळी."

"तुम्ही सांगा," सुनीता म्हणाली. "माझ्याच्यानं नाही व्हायचं. शनिवारची वाट बघते पोरगी."

सांगायची हिंमत मलाही झाली नाही. मग माझ्या डोक्यातून एक कल्पना निघाली. गणिताचं डोकं, वाया कसं जाईल? मी असा विचार केला, बादली धरून पंगतीतून चालणं तिला जमतंय. सांडतं ते वाढताना. म्हणजे वाढायची वेळच येऊ दिली नाही तर? ती बादली घेऊन येईल, विचारेल, लोक म्हणतील 'नको, पोट भरलं', ती पुढे जाईल. पोरीची हौस फिटेल, फरशी पांढरी राहील. सांगा बरं, यात चूक कुठं दिसते का? मला तर दिसली नव्हती. मी स्वतःवर खूष होऊन शीळ घालत होतो.

मी फोन लावला तो आमच्या सुंदराकाकूला. काकू म्हणजे भावकीतली सगळ्यात जुनी, आणि बातमी पोचवायला मोबाईलची गरज नसलेली बाई. म्हटलं, "काकू, एक काम कर. मुक्ता आमटी घेऊन येईल. तिच्या हाताला जरा त्रास आहे, सांडतं. तिच्या रांगेत बसतील त्या चार घरच्या माणसांना सांगून ठेव, आमटी नको म्हणा म्हणून. तिला कळू द्यायचं नाही हं."

"अरं, एवढंच ना? तू काय बी काळजी करू नगस," काकू म्हणाली. "पोरीचा जीव हाय, समद्यांना सांगते."

"समद्यांना नको, काकू. चौघांना."

"व्हय व्हय, समद्यांना सांगते," म्हणून काकूनं फोन ठेवला.

मी इथंच सावध व्हायला हवं होतं. पण मी शीळ घालत होतो.

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. घर लखलखीत, दारात मांडव, मागच्या बाजूला चुलाणावर मोठमोठी पातेली. आमटीचा असा वास सुटला होता की रस्त्यावरून जाणारे गाड्या हळू करत होते. आचारी नामदेव, या भागातला नावाजलेला माणूस. त्याच्या आमटीसाठी लोक लग्नाची तारीख पुढे ढकलतात म्हणे. पहिली पंगत पुरुषांची बसली. मोठ्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंनी रांगा, मानाच्या जागेवर भीमराव, त्याच्या शेजारी दादाचे व्याही पांढऱ्या धोतरात. काकू पंगतीत नव्हती, पण आतल्या दाराशी पाट टाकून सगळ्यांवर नजर ठेवून बसली होती. मीही त्या दारातच उभा राहिलो.

मुक्ता आली. दोन्ही हातांत बादली, जीभ दाताखाली, नजर सरळ पुढे. पहिल्या ताटापाशी थांबली. बादली टेकवली. पाय रोवले. वाकली. ओगराळं भरलं, ठिबकणं थांबू दिलं. अगदी शनिवारी शिकवलं तसं. आणि म्हणाली, "आमटी वाढू?"

पहिल्यानं ताटावर हात आडवा धरला. "नको बाळा, लई झाली."

त्याच्या ताटात तोवर फक्त मीठ आणि लिंबाची फोड पडली होती.

मुक्ता पुढे सरकली. दुसरा म्हणाला, "मला पथ्य हाय." तिसरा म्हणाला, "आज गुरुवार हाय." वार रविवार होता. चौथ्यानं तर तिला लांबून बघितल्याबरोबर दोन्ही हात ताटावर ठेवले. मुक्ता प्रत्येकापाशी थांबत होती, वाकत होती, ओगराळं भरत होती, आणि तसंच परत बादलीत ओतून पुढे जात होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत चालला. मी मनात म्हटलं, ठीक आहे, सांगितलेले चौघे झाले, आता पुढच्यानं घेतली आणि थोडी सांडली तरी चालेल.

पुढच्यानं घेतली नाही. त्याच्या पुढच्यानंही नाही. रांग संपली, कुणी घेतली नाही. आणि एवढ्यात समोरच्या रांगेत दादाचा मुलगा दुसरी बादली घेऊन आला, तर त्यालाही सगळे म्हणायला लागले, "नको, नको." काकूनं सांगितलं होतं की पोरीच्या हातची आमटी नको म्हणा. पुढं जाता जाता कुणाला कळेना की नेमकी कुठली पोरगी. मग लोकांनी आपसात ठरवून टाकलं, कशाला धोका पत्करायचा, आमटीलाच नको म्हणू.

 मी दारातून खुणा करायला लागलो. घ्या, घ्या. हात हलवून, डोळे वटारून. पंगतीतल्या लोकांनी माझ्याकडे बघितलं, आणि एकेकानं मला डोळा मारला. त्यांना वाटलं, मास्तर बघतोय आपण नीट म्हणतोय का. ते आणखी जोरात म्हणाले, "नको म्हणजे नको." एकजण तर माझ्याकडे बघत शाबासकीच्या आशेनं हसला. सगळे कोरडा भात आणि कोरडी भाकरी समोर घेऊन बसलेले, आणि मला खूष करायला धडपडतायत. सांगा, अशा माणसांवर रागवायचं तरी कसं?

तेवढ्यात मागच्या दारानं नामदेव आचारी आला. हातात झारा, कपाळावर घाम. "काय झालं? बादल्या भरल्याच्या भरल्या माघारी का येत्यात? माझ्या आमटीत काय पडलं का?"

सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. नामदेवनं झारा खाली ठेवला. "न्हाई, सांगा तोंडावर. इतकी वरसं झाली, माझ्या आमटीला कुणी नको म्हणलं न्हाई. मी पातेलं वतून देतो आन जातो घरी."

आता दादा पुढे आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याची नजर भीमरावकडे गेली, आणि त्याला वाटलं ते मला तिथूनच कळलं. बांधाचं भांडण अजून मिटलं नाही आणि भावकीनं मिळून त्याच्या घरचं अन्न नाकारलं. दादानं भीमरावसमोर हात जोडले. "भीमराव, माझं चुकलं आसंल तर सांग. बांध तुजा म्हण, तुजा. पर माझ्या दारात जेवायला बसून असं नको करू."

भीमराव गडबडून उठलाच. "आरं, माझं काय? मला तर भूक लागलीया, वास बघ कसला सुटलाय. मला काकूनं सांगितलं, आमटी नको म्हणा."

सगळ्यांच्या माना काकूकडे वळल्या. काकू पाटावरून उठलीसुद्धा नाही. तिनं बोट सरळ माझ्यावर रोखलं.

"माझ्याकडं काय बघताय? ह्या सुभ्यानं फोन केल्ता. म्हणला, मुक्ताच्या हातनं सांडतंय, लोकास्नी आमटी नको म्हणायला सांग. तिला कळू दिऊ नका म्हणला. आता हे समदं हुतं तिच्यासाठीच."

भरल्या पंगतीत. मुक्ता हॉलच्या मधोमध उभी, बादली हातात.

तिनं माझ्याकडे बघितलं. "पप्पा, तुम्ही सांगितलं?"

मी काहीतरी पुटपुटलो. तुझ्यासाठीच, बाळा, असं काहीसं.

"मी सांडीन म्हणून?"

खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. मी मान खाली घातली. शाळेत मी हजार पोरांना माना खाली घालायला लावल्या आहेत, पण अशी मान खाली घालावी लागणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. मुक्तानं बादली हळूच टेकवली. काठोकाठ भरलेली बादली, एक थेंब बाहेर आला नाही. आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

पंगतीत मग एकच गलका झाला. "आण रं आमटी." "इकडं दे आधी." नामदेवचा जीव भांड्यात पडला, दादा भीमरावच्या गळ्यात पडला, बांध पुन्हा दोघांचा झाला. हे सगळं चांगलंच झालं म्हणायचं, पण मला त्यातलं काहीच नको होतं. मी आत गेलो.

आतल्या खोलीत पाहुण्यांच्या पिशव्यांच्या ढिगाशेजारी मुक्ता भिंतीला टेकून बसली होती. सुनीता तिच्याजवळ होती. मला बघून ती उठली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आता उपदेश करू नका. जे खरं असेल ते बोला." आणि बाहेर गेली.

मी खाली बसलो. "मुक्ता, मी चुकलो."

ती फ्रॉकचं बटण फिरवत राहिली.

"मला भीती वाटली गं."

"मला पण वाटत होती," ती म्हणाली. "पण मी तर वाढणार होते ना." मग तिनं विचारलं, "सांडलं असतं तर काय झालं असतं?"

"लोक हसले असते."

"कुणाला?"

आता बघा, नऊ वर्षांच्या पोरीनं एका शब्दात गणिताच्या मास्तराची चूक पकडली.  भावकीतली पोरं तिला हसतील, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर पोरं कधी हसलीच नव्हती. हसतील ते मोठे, आणि ते म्हणतील, मास्तराची पोरगी आणि तिला साधं वाढता येत नाही. मिठाचं भांडंही मी त्याच भीतीनं काढून घेतलं होतं. "मला," मी शेवटी म्हणालो. "मला हसले असते."

मुक्तानं यावर चांगला विचार केला. "मग तुम्ही खोलीत बसा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती सोय सांगत होती.

तेवढ्यात दारात काकू उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला. "ए पोरी, ऊठ. बायांची पंगत बसायलीया. मला तुज्याच हातची आमटी पायजे."

"सांडली तर?"

"माझं लुगडं सा महिन्यानं तरी धुवाया निमित्त मिळंल. चल."

मुक्ता उठली. मी खरंच खोलीत बसलो. पण खिडकी होती, आणि खिडकीतून बघू नका असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तोंडावर हात दाबून बघत होतो, म्हणजे चुकून शब्द निघायला नको.

पहिलंच ताट काकूचं. ओगराळं वाटीवर गेलं, हात हलला, आणि एव्हाना कोमट झालेली बरीच आमटी काकूच्या मांडीवर. माझे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा काकू पदरानं मांडी पुसत म्हणत होती, "वाटीत कमी पडली, आजून वाढ." मुक्तानं पुन्हा भरलं, ठिबकणं थांबू दिलं, आणि वाटीत वाढलं. पुढची बाई. थोडं फरशीवर. पुढची, वाटीत. पुढची, वाटीत. एका बाईच्या भातावर पडली तर ती म्हणाली, "बरं झालं, तितंच घ्यायची हुती." मुक्ता कुणाकडेच बघत नव्हती, फक्त हाताकडे. मधे हात दुखला तेव्हा तिनं बादली टेकवली, दोन्ही हात झटकले, आणि पुन्हा उचलली. त्या बायका आपसात हसत-बोलत होत्या, पण हसण्याचा विषय भलताच होता. कुणाला तिच्याकडे बघायला वेळच नव्हता. आणि पांढऱ्या फरशीवर डाग पडले होते, ते वहिनी फडक्यानं पुसत होत्या. जे मी टाळायला निघालो होतो ते सगळं घडलं, आणि कुणाचं काहीही बिघडलं नाही. मला इतकं शरमल्यासारखं झालं की बाहेर जाऊन कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना.

पण शेवटच्या पंगतीला बसावंच लागलं. ती घरच्यांची असते. दादा, मी, वाढणारी मोठी पोरं. मी भिंतीकडेच्या टोकाला बसलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि त्या आमटीच्या वासानं जीव नुसता कासावीस झाला होता. ताटात भात आला, भाकरी आली. मी भाकरी कुस्करून आळं करून तयार ठेवली.

मुक्ता बादली घेऊन आली. आता तिची चालच बदलली होती. फ्रॉकवर आमटीचे डाग, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर तो राजेपणा. एकेक ताट करत ती माझ्याजवळ आली. मी ताट पुढे सरकवलं. मनात म्हटलं, आज ही माझ्या डोक्यावर जरी ओतेल तरी तोंडातून शब्द काढणार नाही.

मुक्ता मला ओलांडून पुढच्या ताटाशी गेली.

दादा म्हणाला, "अगं, बापाला वाढ की."

"काका, पप्पांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, आमटी नको म्हणा," मुक्ता म्हणाली. "मग त्यांना कशी वाढू?"

पंगतीत असं हसू फुटलं की नामदेव मागून बघायला आला. हसलो मीही, दुसरं करणार काय? पण डोळे भरून आले होते, ते मी तिखटाच्या नावावर खपवले. तिखट ताटात नव्हतंच, ते कुणाच्या लक्षात आलं नाही एवढं नशीब.

मुक्ता बादली टेकवून क्षणभर उभी राहिली. बहुतेक तिला माझी दया आली असावी. "बरं, शेवटी उरली तर देते," म्हणाली, आणि पुढे गेली.

मी वाट बघत बसलो. कोरडी भाकरी पुढ्यात घेऊन बसलो. लोक तिच्याकडून दोनदा मागून घेत होते, दादानं तीनदा घेतली, कशी न सांडता वाढते बघा म्हणत. शेवटी नामदेवनं पातेलं आडवं करून आत ओगराळं फिरवलं, आणि अभिमानानं सगळ्यांना दाखवलं.

थेंब उरला नव्हता.